हुओंग म्हणजे सुगंध

एका राज्यात, जिथे नदी समुद्राला मिळण्याआधी कितीतरी वाटांनी फुटते आणि अंगणापर्यंत भातशेतीचं पाणी येतं, तिथे माणसांची नावं फार विचाराने ठेवत. आधी घराण्याचं नाव, मग मधलं, आणि माणसाचं स्वतःचं नाव सगळ्यांत शेवटी. हाक मारायची ती या शेवटच्या नावाने. लग्न झालं तरी बाई माहेरचंच आडनाव लावी. नावात आईबापांची एखादी इच्छा असे, कुणाच्या नावात डोंगर, कुणाच्या नावात पहाट, कुणाच्या नावात नुसतं समाधान.

त्या राज्यात नदीकाठी त्रान थी वान नावाची बाई राहत होती. वान म्हणजे ढग. तिचा नवरा सोन, म्हणजे डोंगर. तो मासे धरी, ती कमळं विकी. त्यांना एकच मुलगी, ले माई हुओंग. माई हे त्या देशातलं वसंतात फुलणारं एक पिवळं फूल आणि हुओंग म्हणजे सुगंध. मुलगी लग्नाला आली होती. पलीकडच्या गावच्या एका सुताराशी तिचं ठरलंही होतं.

त्या राज्याचा राजा लोंग. लोंग म्हणजे ढगांत राहणारा महासर्प. राजा नावासारखाच प्रतापी होता, पण त्याला एक दुःख होतं. त्याची दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसरा राजपुत्र तापाने पडला, आणि वैद्यांनी हात टेकले. तेव्हा दरबारात एक मांत्रिक आला. त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "महाराज, जितकी नावं तितकं आयुष्य. राज्यातली सुंदर नावं मला गोळा करू द्या. मी ती राजपुत्राच्या कानात ओतीन. मृत्यू येईल, कुणाला न्यायचं ते त्याला कळणार नाही, आणि तो रिकाम्या हाताने परत जाईल."

राजाने होकार दिला. तेव्हापासून मांत्रिक गावोगाव फिरू लागला. त्याच्या कमरेला बांबूची नळी होती. वाटेत माणूस भेटला की तो नम्रपणे विचारी, "तुमचं नाव काय?" माणूस नाव सांगे. नाव नळीत जाई, मांत्रिक बूच लावी, आणि त्यानंतर जगातल्या कुठल्याही तोंडाला ते नाव उच्चारता येत नसे.

हुओंग तळ्यातून कमळं घेऊन येत होती. वाटेत मांत्रिकाने विचारलं, तिने पूर्ण नाव सांगितलं.

ती घरी आली ती निराळीच. आईने हाक मारायला तोंड उघडलं, आणि आवाज फुटेना. मुलगी उंबऱ्यात उभी राहिली, जणू परक्याच्या घरी आली आहे. हळूहळू ती माणसं विसरू लागली. सुतार भेटायला आला, तिने त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "आपण कुणाकडे आलात?" बिचारा उलट्या पावली परत गेला. पुढे ती वाटेल तिकडे चालत सुटे. नदी आडवी आली तरी थांबत नसे, कारण मागून तिला थांबवणारी हाक राहिली नव्हती.

त्या देशात नवरा-बायको एकमेकांना मुलांच्या नावाने हाक मारतात. सोन बायकोला म्हणू गेला, "…ची आई," पण आधीचं नाव काही फुटेना.

वान उठली. डोक्यावर झावळ्यांची टोकदार टोपी चढवली, पदरात भाताची मूद बांधली.

"मी राजाकडे जाते," ती म्हणाली. "तुम्ही हिचा हात सोडू नका."

"सोडणार नाही," सोन म्हणाला. "तू परत येईपर्यंत जाळंही टाकणार नाही."

राजवाड्याच्या दारावर पिंजऱ्यात एक साळुंकी होती. पहारेकऱ्यांनी वानला बाहेरच अडवलं, तेव्हा ती भिंतीला टेकून बसली आणि पदरातल्या मुदीची चार शितं तिने पिंजऱ्यात टाकली. साळुंकीने ती खाल्ली आणि माणसाच्या आवाजात विचारलं, "बाई, कुणाचं नाव गेलं?"

"माझ्या मुलीचं."

"नावं फणसाच्या लाकडाच्या पेटीत आहेत. पेटी राजपुत्राच्या उशाशी आहे. तिला तीन कुलपं आहेत, आणि किल्ली एकालाही नाही. मांत्रिकाने चोरलेली पहिली तीन नावं त्या कुलपांत घातली आहेत."

"मग ती उघडायची कशी?"

"त्याने नाव चोरलं. नाव का ठेवलं, हे त्याला चोरता आलं नाही, कारण ते त्याला ठाऊकच नाही. ज्यांना ठाऊक आहे ती पुरती हरवत नाहीत; त्यांनी स्वतः कुलपापाशी येऊन सांगायचं. एक जण सरहद्दीच्या पुलावर आहे, एक मिठागरात, आणि तिसरं माणूस या वाड्यातच आहे. आता जा. आणि मांत्रिक भेटला तर त्याला नाव सांगू नकोस."

वान सरहद्दीच्या पुलाकडे निघाली.

पुलावर एक शिपाई उभा होता. त्याच्या खांद्यावर घारीने घरटं करावं एवढा तो धिप्पाड. हातातला भाला ताडाएवढा. त्याने दरडावलं, "पलीकडे जायची परवानगी नाही!"

"मला पलीकडे जायचं नाही," वान म्हणाली. "मला तुम्ही हवे आहात."

शिपाई गोंधळला. आजवर सगळ्यांनी त्याच्याकडे वाटच मागितली होती.

"तुमचं नाव चोरीला गेलंय, दादा. ते का ठेवलं होतं ते तुम्हाला आठवतं?"

"आठवतं. पण गेलं ते बरं झालं." त्याने मान खाली घातली. "ते नाव या भाल्याला शोभत नव्हतं. पलटणीत सगळे हसत."

"तुमच्या आईने ते भाल्यासाठी ठेवलं होतं का?"

शिपायाने भाला पुलाच्या कठड्याला टेकवला. "ती आता थकली आहे. मला हाक मारायला जाते आणि नुसतीच बघत राहते. चला, ताई."

"आणि पूल?"

"पूल कुठे पळून जातोय?" शिपाई म्हणाला, आणि स्वतःच हसला.

दोघं दक्षिणेला मिठागरात गेली. तिथे ऊन असं, की दगडाला घाम फुटावा. पांढऱ्या ढिगांमध्ये एक म्हातारी फावडं ओढत होती. वानने तिला सगळी हकिकत सांगितली. म्हातारीने फावडं थांबवलं नाही.

"आजी, चला ना आमच्याबरोबर."

"नाही येणार. माझ्या नावाला लोक लहानपणापासून हसले. ते का ठेवलं हे तेवढं मी कुणाला सांगितलं नाही. ते माझ्या एकटीचं आहे. चारचौघांत ठेवलं तर त्यालाही हसतील."

वानने दुसरं फावडं उचललं आणि म्हातारीच्या शेजारी मीठ ओढू लागली. शिपाई टोपल्या वाहू लागला. खाऱ्या पाण्याने वानच्या टाचा फुटल्या, हातांना फोड आले. म्हातारी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होती. ऊन कललं, तशी ती एकदम म्हणाली, "पोरी, तू मला एकदाही परत विचारलं नाहीस."

"तुमचं आहे, आजी. तुम्ही द्याल तर मिळेल."

म्हातारीने फावडं मिठाच्या ढिगात रोवलं आणि डोक्याचा रुमाल घट्ट बांधला. "चल. हसलं कुणी तर या शिपायाला सांगेन."

राजवाड्याच्या दाराशी पहारेकऱ्यांनी शिपाई पाहिला आणि ते आपणहून बाजूला झाले. साळुंकीने पिंजऱ्यातूनच आतली वाट सांगितली, आणि तिसरं माणूस म्हणजे राणी, हेही.

राजपुत्र रेशमी गादीवर निजला होता. श्वास चालू होता, डोळे मिटलेले होते. कानात इतकी नावं ओतली होती की कुठल्या हाकेला ओ द्यावी ते त्याला कळत नव्हतं, म्हणून तो कशालाच ओ देत नव्हता. उशाशी पेटी होती. एका बाजूला राजा बसला होता, दुसऱ्या बाजूला राणी लिएन. लिएन म्हणजे कमळ. राणीचं नाव मात्र मांत्रिकाने अजून घेतलं नव्हतं.

"कोण तुम्ही?" राजाने विचारलं.

"ज्यांची नावं गेली ती माणसं, महाराज," वान म्हणाली. "आपली अनुमती असो वा नसो, आम्ही बोलणार आहोत."

राजाला राग यायच्या आतच शिपाई पुढे झाला. गुडघ्यावर बसून तो पहिल्या कुलपाशी बोलू लागला. "मी नावेत जन्मलो. दोन्ही काठांना लढाई चालू होती. आईला कळा येत होत्या आणि ढोल वाजत होते. मी बाहेर आलो आणि ढोल थांबले. लढाई संपली होती. आई सांगते, तिने इतकी शांतता आधी कधी ऐकली नव्हती. म्हणून तिने मला त्या शांततेचं नाव दिलं."

कुलूप खळकन पडलं. "बिन्ह!" शिपाई ओरडला. "माझं नाव बिन्ह!" आणि एवढा मोठा पुरुष रडू लागला.

म्हातारी दुसऱ्या कुलपापाशी वाकली. "माझा बाप खलाशी. एकदा तो फार दूर उत्तरेला गेला, आणि तिथे त्याने बर्फ पडताना पाहिला. परत आला त्या दिवशी मी झाले. त्याने आईला तो बर्फ सांगून पाहिला, पण त्याला सांगता येईना. तो म्हणाला, मी एकदाच पाहिलं आणि पुन्हा दिसणार नाही असं काहीतरी आपल्या घरात असू दे."

कुणीही हसलं नाही. कुलूप पडलं. "तुएत," म्हातारी हलकेच म्हणाली. "म्हणजे बर्फ."

तेवढ्यात मांत्रिक आला. त्याने दोन पडलेली कुलपं पाहिली, पण तो चिडला नाही. वानकडे वळून गोड आवाजात म्हणाला, "बाई, एवढी खटपट कशाला? तुला तुझ्या मुलीचं नाव हवं ना? हे घे." त्याने नळीचं बूच काढलं, आणि दालनात सुगंध दरवळला. "अजून ते पेटीत गेलेलं नाही. घे आणि घरी जा. तिसऱ्या कुलपाला हात लावू नकोस."

वानचे पाय क्षणभर पुढे सरकले. तिला उंबऱ्यात उभी मुलगी दिसली, आणि नदीकडे चालत जाणारी मुलगी दिसली. तिने डोळे मिटले, आणि ती थांबली.

"माझ्या मुलीला नाव मिळेल," ती म्हणाली. "पण तिच्या मैत्रिणींची नावं या पेटीत आहेत. ज्याच्याशी तिचं लग्न व्हायचं त्याचंही उद्या जाईल. मग तिने हाक कुणाला मारायची? मला सगळी हवीत."

मग ती राणीकडे वळली. "राणीसाहेब, तिसरं नाव तुमच्याकडचं आहे."

राणीचा चेहरा पांढरा पडला. राजा गरजला, "गप्प! ते नाव राजवंशाला लाज आणणारं होतं. मीच ते काढून घ्यायला सांगितलं."

"महाराज," राणी म्हणाली, "आपली दोन मुलं सुंदर नावं घेऊन गेली." आणि ती राजाकडे पाठ करून तिसऱ्या कुलपापाशी बसली. "माझी आई खेड्यातली. ती म्हणाली, गोजिऱ्या नावाच्या बाळावर भुताखेतांची नजर पडते. बाळ मोठं होईपर्यंत त्याला एखाद्या क्षुद्र गोष्टीच्या नावाने हाक मार, म्हणजे ती दारावरून पुढे जातील. हा जन्मला तेव्हा मुठीएवढा होता, केस ओले, कूं कूं करत अंगाशी शिरत होता. मला जे वाटलं तेच नाव मी ठेवलं. आणि त्या नावाने हाक मारली की तो हसायचा."

कुलूप पडलं.

"कुन," राणी म्हणाली. "माझं कुत्र्याचं पिल्लू."

राजपुत्राने डोळे उघडले. "आई," तो म्हणाला, "मला भूक लागली."

पेटीचं झाकण आपोआप उघडलं. पहिल्या पावसात वारुळातून पाखरं निघावीत तशी पेटीतली आणि नळीतलीही नावं बाहेर पडली आणि खिडक्यांतून आपापल्या गावांकडे उडाली. पेटीच्या तळाशी एकच नाव उरलं, धुळीने माखलेलं. ते मांत्रिकाचं होतं. फार वर्षांपूर्वी त्याने विद्येच्या बदल्यात ते स्वतःच टाकून दिलं होतं, आणि ते का ठेवलं हे सांगणारं आता कुणी जिवंत नव्हतं. त्याने ते उचललं, उलटसुलट करून पाहिलं. त्याला ते ओळखता आलं नाही. त्याची सगळी विद्या तिथेच गळून पडली. तो वाड्याबाहेर चालू लागला, आणि त्याला थांबवावं असं कुणाला वाटलं नाही.

राजा लोंग मुलाच्या पायाशी बसला होता. त्याने मुकुट काढून ठेवला. "ताई," तो म्हणाला, "मी काय करू?"

"भात मागवा, महाराज. आणि भरवताना त्याला हाक मारा."

राजाने चार वेळा घसा खाकरला. मग दरबारासमोर, शिपायासमोर, मिठागरातल्या म्हातारीसमोर त्याने आपल्या मुलाला पिल्लू म्हटलं. मूल खुदकन हसलं. त्या दिवसापासून कुणाचं नाव कुणी काढून घ्यायचं नाही, असा हुकूम त्याने काढला. बिन्हला त्याने पुलावरून मोकळं करून आईकडे पाठवलं. तुएतआजीने जाताना साळुंकीचा पिंजरा उघडला. साळुंकी उडाली नाही, आजीच्या डोक्यावरच्या रुमालावर बसून मिठागराकडे गेली.

वान नावेतून घरी निघाली. वळणावरून तिला आपला काठ दिसला. पाण्यात गुडघाभर सोन उभा होता, आणि त्याच्या हातात मुलीचा हात होता. वान नावेत उभी राहिली. नाव डुलली, नावाडी ओरडला, तिने लक्ष दिलं नाही. तिने छाती भरून श्वास घेतला आणि लागोपाठ हाका मारल्या, "हुओंग! हुओंग! ए हुओंग!"

मुलगी वळली. तिने कपाळावर हात धरून नावेकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा लाजेने लाल झाला.

"किती मोठ्यांदा ओरडतेस गं, आई!" ती म्हणाली. "ते पलीकडे उभे आहेत. काय म्हणतील?"

खरंच, सुतार पलीकडच्या काठावर उभा होता. तोही ओरडत होता, तेच नाव.

त्यांच्या राज्यात ज्याला त्याला आपलं नाव मिळालं. ऐकणाऱ्यांच्या घरीही, ज्याची वाट पाहत असतील त्याची ओ येवो.