धोंडभटाच्या घागरी

एकदा एक नामांकित आचारी सुजलेले पाय ओढत एका वृद्ध वैद्यांच्या ओसरीवर येऊन बसला. धोंडभट त्याचे नाव. त्याच्या आमटीची ख्याती अशी, की पंचक्रोशीतले लोक आधी धोंडभटाला विचारीत आणि मग मुहूर्त काढीत. त्याच्या पंगतीत पाणी वाढायलाच दोन माणसे लागत. घागरी रित्या झाल्या म्हणजे पंगत रंगली, असे तो छाती फुगवून सांगे.

वैद्यांनी नाडी पाहिली आणि त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो लवकर भरून येईना. मीठ कमी केले नाहीस तर पायांची सूज उद्या छातीशी येईल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

धोंडभट हबकला. दीड महिन्यावर त्याच्या एकुलत्या लेकीचे लग्न होते आणि तो स्वयंपाक तो स्वतः करणार होता. जिवाची काळजी त्याला होतीच, पण भर मांडवात व्याह्यांनी आमटी बाजूला सारली तर लेकीला जन्मभर ऐकावे लागेल, ही काळजी त्याहून मोठी होती. अळणी खाणाऱ्या आचाऱ्याच्या हाताला चव कशी राहणार?

"चाळीस दिवस माझ्याकडे जेव," वैद्य म्हणाले. "लग्न बिघडलं तर दोष माझा."

दुसऱ्या दिवशी पान मांडले. वरण, भात, भाजी, सगळे अळणी; आणि पानाच्या डाव्या कोपऱ्यात, रीतीप्रमाणे, चिमूटभर मीठ. ज्याची बंदी केली तेच पानात का वाढले, हे धोंडभटाला उमगेना. वैद्यांनी एवढेच सांगितले की लागेल तसे बोट लावून घे, संपले की पुन्हा मागू नकोस. पहिल्या दोन घासांतच मीठ संपले. उरलेले जेवण त्याने औषधासारखे गिळले.

आठ दिवसांनी वैद्यांनी पुन्हा अंगठा दाबला. खळगा होता तसाच. तेव्हा धोंडभटाने खाली मान घालून कनवटीची पुरचुंडी सोडली. आत सैंधव होते.

"उपवासाला चालतं, म्हणून म्हटलं पथ्यालाही चालेल," तो पुटपुटला.

"देवाला चालतं रे," वैद्य म्हणाले, "तुझ्या पायाला नाही चालत."

पुरचुंडी गेली आणि खरे पथ्य सुरू झाले. दोन आठवडे धोंडभट सगळ्या जगावर रुसल्यासारखा जेवत होता. मग एके दुपारी भाताचा घास चावता चावता तो थबकला. त्याने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि उष्ट्या हाताने पानावरून उठून थेट वैद्यांसमोर जाऊन उभा राहिला.

"वैद्यबुवा, भात गोड आहे," तो म्हणाला. "नुसता भात. तीस वर्षं मी भात शिजवतोय आणि मला हे ठाऊक नव्हतं."

त्या दिवसापासून त्याच्या उत्साहाला ऊत आला. दुधी भोपळ्याला स्वतःची चव असते, ताकाच्या आंबटपणातही प्रकार असतात, असे शोध तो रोज लावी आणि येईल त्या रोग्याला ऐकवी. खळगाही आता झटकन भरून येऊ लागला.

चाळिसाव्या दिवशी वैद्यांनी त्याच्या पानात वाटीभर आमटी वाढली. एक भुरका घेताच धोंडभटाने वाटी खाली ठेवली आणि तो गटागटा तांब्याभर पाणी प्यायला. इतकी खारट आमटी कोणत्या अडाण्याने केली, असे त्याने रागानेच विचारले.

"तुझ्या बायकोने," वैद्य म्हणाले. "तू घालून दिलेल्या मापाने. तुझी सगळ्या मुलखात गाजलेली आमटी."

मग वैद्य शांतपणे बोलू लागले. "बहिरा माणूस मोठ्याने बोलतो, कारण त्याला स्वतःलाच ऐकू येत नाही. तुझी जीभ मिठाने बहिरी झाली होती, म्हणून तुझा हात ओरडत होता. लोक भिडेने जेवत होते आणि पाणी पीत होते. पानाच्या कोपऱ्यात मीठ वाढतात ते कशाला? ज्याला जेवढं हवं तेवढं त्याने घ्यावं. आपल्या जिभेचं माप आपण दुसऱ्याच्या घशात उतरवू नये."

लेकीच्या लग्नात धोंडभटाने मिठाचे माप निम्म्याहून खाली आणले. पंगत बसली. धोंडभट चुलीपाशी उभा राहून व्याह्यांच्या पानाकडे पाहत होता. व्याह्यांनी आमटी तीनदा मागून घेतली, तरी त्याचा विश्वास बसेना. इतक्यात पाणी वाढणारा कावराबावरा होऊन आला आणि काहीतरी बिनसलेय असे सांगू लागला. जेवणे संपत आली होती, पण घागरी अजून काठोकाठ भरलेल्या होत्या. कोणी पाणीच मागत नव्हते.

धोंडभटाने त्या घागरींकडे पाहिले आणि उपरण्याने डोळे पुसले.

आपल्या घरची आमटी कशी होते, हे पाहुण्यांच्या तोंडाला विचारू नये. त्यांच्या तांब्याला विचारावे.