नाण्यावरचा हंस

सरकारी रुपयातली चांदी संपली आणि सराफ आपापली नाणी पाडू लागले, त्या काळातली ही गोष्ट. असंच एक हंसाचं नाणं कुमुदिनीबाईंनी चांदीच्या भावाच्या सव्वापट मोजून घेतलं होतं. ते ज्या काचेच्या डबीत होतं, तिला लाखेची मोहोर होती. ती तुटली तर किंमत जाईल, या धास्तीने बाईंनी नऊ दिवाळ्या डबी उघडलीच नाही. लक्ष्मीपूजनाचं हळदकुंकूसुद्धा काचेवरच वाहिलं.

आता चांदी महागली म्हणून बाई ते विकायला दुसऱ्या सराफाकडे आल्या. पेढीवर डबीशेजारी चांदीच्या लगडीचा एक ओबडधोबड तुकडा पडला होता.

"मी खरंच चांदीचं आहे ना रे?" नाण्याने घाबरत त्याला विचारलं. "मला कधी कुणी कसाला लावलंच नाही."

"कळेल आता," तुकडा म्हणाला.

सराफाने मोहोर फोडली. नाणं बाहेर काढून घासलं. काळ्या कसोटीवर पांढरी रेघ उमटली.

"चोख आहे," सराफ म्हणाला. नाण्याचा जीव भांड्यात पडला. पण लगेच सराफाने त्याला तागडीत तुकड्याशेजारीच टाकलं. "हेही चोख, तेही चोख. भाव एकच."

"आणि हंसाचे जास्तीचे पैसे?" बाईंनी विचारलं.

"ते तुम्ही दिलेत, बाई. मला मिळायचे नाहीत. मुशीत हंस राहत नाही."

भट्टीवर चांदी वितळवणारी लालबुंद मूस बघून नाणं थिजलं. बाईंनी ते उचललं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं बोट हंसाच्या पंखावरून फिरलं. पीस न् पीस हाताला लागत होतं.

"नाणं मी नेते," त्या म्हणाल्या. "डबी तेवढी तुम्हीच ठेवा."