थाळी उशिरा वाजली

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की तेव्हाच्या माणसांच्या पणतवंडांचीही नावं आता कुणाला ठाऊक नाहीत.

एका उंच पठारावर पानमळ्यांचं गाव होतं. घरोघर विड्याच्या पानांचे वेल, आणि त्या वेलांवरच गावाची चूल. पण वेलाची जात मोठी नाजूक. उन्हानं रुसणारी, वाऱ्यानं रुसणारी. आणि कडाक्याच्या थंडीत पानांवर दव गोठलं, तर एका पहाटेत मळा काळा.

म्हणून गावानं एक रीत धरली होती. हिवाळाभर टेकडीवर एक राखणदार बसायचा. त्याच्यापुढं मातीच्या परळात बोटभर पाणी. त्या पाण्याला काचेसारखी कड धरली, की त्यानं काशाची थाळी बडवायची. थाळी ऐकून माणसं उठायची, बांधावर गोवऱ्या पेटवायची, वेलांवर धुराचं पांघरूण घालायची. राखणदार जागा, म्हणून गाव निवांत झोपे.

तेव्हाचा राखणदार म्हातारा होता, पण नजर घारीची. वीस हिवाळे झाले, त्याची थाळी एकदाही चुकली नव्हती.

एके वर्षी उत्तरेकडचा एक बैरागी त्याच्या टेकडीवर मुक्कामाला राहिला. त्यानं बर्फाच्या गोष्टी सांगितल्या. "आभाळातून पडतं, पण पावसासारखा आवाज नाही. सकाळी दार उघडावं, तर सगळं जग धुऊन वाळत घातल्यासारखं!"

बैरागी गेला, पण म्हाताऱ्याच्या डोक्यातून बर्फ जाईना. खापरपणजोबाच्या काळी इथंही एकदा पडलं होतं, असं जुनी माणसं सांगत. एकदा पडलं ते पुन्हा का नाही पडणार?

वेडाला सोबती शोधावे लागत नाहीत. गावचा पिंजारी आणि गावचा सोनार रोज दिवेलागणीला टेकडीवर येऊ लागले. चंद्राला खळं पडलं का बघायचं, बोट ओलं करून वारा जोखायचा, आणि उद्या नक्की म्हणत घरी जायचं.

"पिंजलेल्या कापसासारखं असतं म्हणे," पिंजारी म्हणायचा. "मग माझ्या धंद्याचं कसं व्हायचं हो?"

"आभाळालाच कामाला ठेव की," सोनार म्हणायचा. "तुझ्यासारखं दुपारी झोपा तरी काढणार नाही."

मग पौषात असा गारठा आला, की बोलताना तोंडातून वाफ निघे. दिवस मावळताना म्हाताऱ्याची लेक भाकरी घेऊन टेकडीवर आली. तिचा मळा सगळ्यांत खाली, लवणात. थंडी पाण्यासारखी वाहत जाऊन तिथंच साठायची. दोन वर्षं कंबर मोडून वाढवलेला तिचा वेल त्या महिन्यात पहिल्यांदा खुडायला आला होता.

"आबा, आज डोळ्यात तेल घालून बसा हं. माझं सगळं त्या वेलावर आहे."

"मी आहे ना? जा, नीज निवांत."

त्या दिवशी पिंजारी आणि सोनारही घरी गेले नाहीत. लेक उतरून गेल्यावर पिंजारी म्हाताऱ्याजवळ सरकला. "बुवा, राग मानू नका. दर खेपेला गारठा येतो, तुम्ही थाळी वाजवता. गाव धूर करतं, गारठा पळतो. तो टिकलाच नाही, तर बर्फ येईल कसं? आज जरा दमानं घ्या."

"जीभ आवर!" म्हातारा ओरडला. "गावानं मला इथं कशाला बसवलंय?"

ओरडला खरा, पण बोल कानात राहिला.

पहाटेचा तारा वर आला. परळातल्या पाण्याला कड धरली. म्हाताऱ्यानं थाळीचा दांडा उचलला.

"थांबा!" सोनार कुजबुजला. "तो बघा ढग!"

उत्तरेला खरंच एक ढग होता. तळहाताएवढा. बाकी आभाळ लख्ख. लख्ख आभाळ दव गोठवतं, बर्फ पाडत नाही, हे त्या म्हाताऱ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी हात थांबला.

एवढा ढग डोक्यावर येऊ दे, तो मनाशी म्हणाला.

कड आत सरकली. पाण्यावर साय धरली.

अजून जरासं.

खाली गाव गाढ झोपलेलं. एक कुत्रं विव्हळलं आणि गप झालं. म्हाताऱ्यानं बोटानं साय दाबून पाहिली. मोडेना.

ढग आला, विरला, आणि मागं नुसते तारे राहिले.

तेव्हा कुठं म्हाताऱ्यानं थाळी बडवली. अशी बडवली, की दांडा मोडला. मग मुठीनं बडवली. दारं उघडली, माणसं धावली, गोवऱ्या पेटल्या. वरचे मळे निम्मेशिम्मे वाचले. लवणात धूर पोचेपर्यंत उजाडलं.

लवण पांढरंशुभ्र झालं होतं.

"पडलं! बर्फ पडलं!" पिंजारी नाचतच खाली गेला.

म्हाताऱ्यानं एक पान हातात घेतलं. ते गोठलेलं दव होतं. बोटांच्या उबेनं त्याचं पाणी झालं, आणि खालचं पान निघालं उकडल्यासारखं काळं. ते पाहून पिंजाऱ्याचं नाचणं थांबलं.

गोवऱ्यांची पाटी तशीच डोक्यावर घेऊन लेक उभी होती. "आबा, डुलकी लागली होती का तुम्हाला?"

हो म्हणणं किती सोपं होतं. म्हाताऱ्या माणसाच्या डुलकीवर कोण रागावतं?

"नाही गं पोरी," म्हातारा म्हणाला. "टक्क जागा होतो. कड धरलेली मी पाहिली. पण मला बर्फ बघायचं होतं."

लेकीनं पाटी खाली ठेवली आणि ती मेलेले वेल आधारावरून सोडवायला लागली.

गावच्या पाटलानं थाळी काढून घेतली नाही. "तुझ्याएवढी नजर गावात दुसऱ्या कुणाला नाही," तो म्हणाला. "थाळी तुझ्याकडंच राहू दे."

त्या संध्याकाळी म्हातारा पुन्हा टेकडीवर जाऊन बसला. अंधार पडला, निजायची वेळ टळली, तरी खाली घराघरात दिवा. राखणदार जागा असताना घरटी एक माणूस जागं बसलं होतं. आणि जिच्याकडं राखण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्या लेकीच्याही घरात दिवा होता.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं गाठीला बांधा: राखणीला बसणाऱ्यानं आपली हौस घरी ठेवून यावं.