बिनभाल्याची माणसं

एकदा काय झालं, किल्लेदाराची लेक सुरंगी बारा वर्षं दूरदेशी शिकून घरी परत आली. 'नगरी मोडत चालली, लवकर ये,' असा आबांचा निरोप होता. तिला वाटलं, वेशीबाहेर शत्रूचा तळ पडला असेल. आपण जाऊ, दोन युक्त्या सांगू आणि नगरी सोडवू. पण बघते तर काय! बाहेर चिटपाखरू नाही, आणि आत घरंच्या घरं पडलेली. पाडत कोण होतं? नगरीचेच पहारेकरी, बरं का!

हे पहारेकरी कुणा आईच्या पोटचे नव्हते. तिथे एक पांढरा डोंगर होता. रोज पहाटे त्याच्या पोटातून ते निघायचे, चांगले मिशा फुटलेले, हातात भाला. त्यांना एवढंच ठाऊक, परका दिसला की टोचायचं. आणि आता त्यांना सगळेच परके दिसायला लागले होते, म्हणून सगळ्यांचीच घरं ते पाडत सुटले होते.

सुरंगी घरी गेली. आई भिंत लिंपत बसली होती. बोटं सुजून टम्म झालेली.

"कितव्यांदा लिंपतेस गं?"

"मोजायचं सोडलं बघ. सकाळी ते पाडतात, दुपारी मी लिंपते. आता हात उचलत नाहीत. उद्या पडली तर पडू दे अंगावर."

"आई, तीन दिवसांत थांबवते हे सगळं!"

"बरं. आधी भाकरी खा."

जांभई आली, बाळांनो? द्या हो. त्या नगरीतही सगळे जांभयाच देत होते. एवढे दमले होते बिचारे.

मग पहिल्या दिवशी सुरंगीने चौकात उभं राहून पहारेकऱ्यांना मोठं भाषण दिलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, आणि तिलाच टोचलं. नवा चेहरा ना!

मग दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या पहारेकऱ्यांना कोठारात कोंडलं. नगरी कशी शांत झाली! पण वेस उघडीच. संध्याकाळपर्यंत चोर शिरले आणि घरातला दाणागोटा घेऊन गेले.

मग तिसऱ्या दिवशी तिने निम्मे कोंडले, निम्मे सोडले. निम्म्या घरांत चोरी झाली, निम्म्या भिंती पडल्या.

मग सुरंगीही दमली. आईशेजारी मातीतच बसली.

"आई, मी लहान असताना असं नव्हतं गं. तेव्हा काय होतं?"

"तेव्हा दर पहारेकऱ्याशेजारी एक बिनभाल्याचा असायचा. ओढ्याकाठचा भिकोबा आठवतो का? तोही डोंगरातूनच आलेला. पण आल्या आल्या त्याला घरोघरी जेवायला नेलं होतं. कुणाकडे आमटी, कुणाकडे ताक. सगळे चेहरे त्याला पाठ. पहारेकऱ्याने भाला उगारला की हा खांद्यावर हात ठेवायचा. 'अरे, ही आपलीच आहे, ठेव खाली.' बस, तेवढंच काम."

"मग गेले कुठे ते?"

आईने मातीचा गोळा हातात घेतला. "तुझं पत्र आलं होतं, बाई. 'एवढी माणसं रिकामी कशाला बसवता? त्यांनाही भाले द्या.' आबांनी साऱ्या नगरीला वाचून दाखवलं, केवढ्या कौतुकाने! मग दिले भाले. हातात भाला आला आणि ते चेहरे विसरले."

सुरंगीने आईच्या हातातला मातीचा गोळा घेतला, आणि उरलेली भिंत एकटीने लिंपली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती पांढऱ्या डोंगरापाशी जाऊन उभी राहिली. भाषण नाही, कोठाराची किल्ली नाही. एक नवा पहारेकरी डोळे चोळत बाहेर आला. तिने हळूच त्याच्या हातातला भाला काढून घेतला. म्हणाली, "चल, आधी जेवायला." मनाशी ठरवलं, आता रोज एकाला असंच न्यायचं, दारोदार, सगळे चेहरे पाठ होईपर्यंत.

पहिलं घर आईचं. तो दारात थबकला. "ही कोण?"

"ही आपली."

त्याने ताक प्यायलं. तेवढ्यात बाहेर दुसरा पहारेकरी भाला उगारून आला, तर हा उठला, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या दिवशी आईची भिंत संध्याकाळपर्यंत उभी राहिली. मग हळूहळू, बरं का, अगदी हळूहळू, सगळ्यांच्याच राहिल्या, आणि नगरी सुखाने झोपायला लागली.

चला, तुम्हीही भाले ठेवा खाली. मिटा डोळे.