खंड्याची अंघोळ

"मग माझ्यात कमी काय आहे बाबा, तेवढं एकदा सांगून टाका!"

अच्युत बोलून गेला आणि स्वतःच दचकला. झिलूबाबांपुढे इतक्या चढ्या आवाजात मठात कोणी बोलत नसे.

बाबा ओसरीवर बसून खंड्याच्या अंगावरचे गोचीड काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काल आलेल्या बाबल्या तांडेलाला अनुग्रह दिलात. होडी वल्हवणारा माणूस, त्याला धड आरती येत नाही. आणि मी इतकी वर्षं पाणी भरतोय, समया घासतोय, पोथी तोंडपाठ आहे माझी. एक दिवस चुकलो असेन तर सांगा."

"नाही चुकलास," बाबा म्हणाले.

"मग?"

...

बाबांनी एक टपोरा गोचीड चिमटीत धरून रॉकेलच्या वाटीत टाकला. खंड्यानं सुटल्यासारखा उसासा सोडला.

"वास येतोय रे याला," बाबा म्हणाले. "याला स्वच्छ कर. हा स्वच्छ झाला की ये. अनुग्रहाचं तेव्हा बघू."

अच्युतला वाटलं होतं, बाबा एखादं कडक अनुष्ठान सांगतील, उपास सांगतील, मौन तरी सांगतील. सांगितली काय, तर कुत्र्याची अंघोळ! त्याला हसूच आलं. हत्ती तर कधीच गेला होता, राहिलं होतं ते शेपूट, आणि तेही कुत्र्याचं.

त्याच दुपारी त्यानं खंड्याला न्हाणीत ओढत नेलं.

खंड्या म्हणजे साधं गावठी कुत्रं. तांबूस, एक कान अर्धा, गळ्यात सुंभाची दोरी. ती कोणी आणि कधी बांधली, कोणालाच आठवत नव्हतं. अच्युतनं शिकेकाई लावली, साबण लावला, घंगाळभर पाणी ओतलं आणि त्याला मोकळं सोडलं. खंड्यानं अंग झाडून त्याला नखशिखान्त भिजवलं आणि तो झावळ्यांच्या ढिगाखाली जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी वास होताच. अच्युतनं पुन्हा अंघोळ घातली.

आता खाडीकाठचा श्रावण ज्यानं काढलाय, त्याला वेगळं सांगायला नको. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. पापड तळायच्या आधीच सादळतात. काडी ओढावी तर गुल निखळून बोटाला चिकटतो आणि देवापुढचा दिवा लावताना तोंडून नको ते शब्द निघतात. पाऊस थांबला तरी हवा काही वाळत नाही. अशा दिवसांत अच्युत रोज एका केसाळ जिवावर पाणी ओतत होता.

वास वाढला. मग अच्युतनं अंघोळी वाढवल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. साबण संपला तसा नवा आणला. करायचं ते चोख करायचं, हा त्याचा बाणा होता आणि त्याला त्याचा फार अभिमान होता.

खंड्याचे केस पुंजक्यांनी गळायला लागले. पाठीवर लाल चट्टे उठले. कान खाजवून खाजवून तो रात्रभर कुंथायचा. घंगाळाचा आवाज आला की शेपूट पोटाखाली घालून पळायचा.

मठातले लोक हसू लागले. "अच्युतराव, कुत्रं सोलून काढताय की काय?"

एक दिवस अच्युतनं त्याला दोरीनं ओढत ओसरीवर आणलं आणि बाबांच्या पुढ्यात सोडलं.

"बाबा, हे होणे नाही. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, म्हणतात ते काही उगीच नाही. याची जातच घाण."

बाबांनी खंड्याकडे पाहिलं. खंड्यानं बाबांकडे.

"धुतलंस?" बाबांनी विचारलं.

"रोज! दोन-दोनदा!"

"पुसलंस?"

अच्युत थबकला.

"कुत्र्याला? ... ते वाळतं की आपलं आपण."

बाबांनी नुसतं बोट केलं. ओसरीच्या दोरीवर अच्युतचंच धोतर लोंबत होतं. केव्हा वाळत घातलं होतं कुणास ठाऊक, अजून ओलं होतं आणि त्याला कुबट वास येत होता.

...

"बरं, पुसतो," अच्युत म्हणाला. चूक कळली होती, पण स्वर अजून उतरला नव्हता. "कशानं पुसू ते सांगा. पंच्यानं की गोणपाटानं?"

बाबा उठले. आत जाता जाता म्हणाले,

"आधी तोंडानं पूस. मग पंच्यानं."

अच्युत पाहतच राहिला.

तोंडानं? म्हणजे कुत्री पिल्लाला चाटते तसं चाटू की काय याला? म्हाताऱ्यानं चेष्टा मांडलीय. इतकी वर्षं राबलो त्याचं हे फळ. परवा आलेल्याला अनुग्रह, आणि माझ्या वाट्याला कुत्रं!

पायरीवर धप्पकन बसत तो मोठ्यानंच म्हणाला,

"या मठात मला कोणी कुत्रं पुसत नाही!"

...

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि त्याचा त्यालाच ऐकू आला.

पुसत नाही.

खंड्या दोन हात अंतरावर अंग चोरून बसला होता. पळायचं की नाही, हे ठरवत असावा.

अच्युतनं इकडेतिकडे पाहिलं. कोणी बघत नव्हतं. तरीही त्याला भारी लाज वाटली. मोठ्या सभेत पोथी सांगताना त्याचा आवाज कधी अडला नव्हता, तो आता अडला.

"काय रे," तो हळूच म्हणाला. "काय होतंय तुला?"

खंड्याचा शाबूत कान हलला.

"कुठं दुखतंय?"

खंड्या उठला. एक पाऊल पुढे आला, थांबला, पुन्हा एक आला. आणि मग त्यानं आपला अर्धा कान अच्युतच्या तळहातात आणून ठेवला.

अच्युतनं कान उलटून पाहिला. आतून तो चिघळला होता. इतके दिवस पाणी आत साचत होतं आणि रोज हाच हात ते ओतत होता. सुंभाच्या दोरीखाली मान सोलवटली होती. ओली दोरी ओलीच राहत होती. पंजे उचलून पाहिले, तर बोटांच्या बेचक्यांत पांढरी, भिजून फुगलेली कातडी.

"अरे, मग बोलला का नाहीस?" असं म्हणणार होता तो. पण बोलून दाखवायचं तरी कसं त्यानं? घंगाळ बघून पळत होता तो, ते बोलणंच तर होतं.

त्यानं सुरी आणून दोरी कापली. ट्रंकेतून आपला ठेवणीतला कोरडा पंचा काढला, खंड्याला चुलीपुढे नेलं आणि पुसायला बसला.

धुण्याचं काय, लांबून पाणी फेकलं की धुणं होतं. पुसताना मात्र जवळ बसावं लागतं. मांडीवर घ्यावं लागतं. पाठ पुसून झाली की पोट, पोट झालं की काखा, मग कानाची एकेक घडी. घाई केली तर कळवळतो. अच्युतला घाई करता येईना. चुलीच्या उबेत खंड्या हळूहळू सैल झाला आणि त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून डोळे मिटून पडला.

अच्युतनं त्याचा पंजा हातात घेतला आणि पंच्याचं टोक बोटांच्या मधे घातलं.

आणि त्याचा हात तिथेच थांबला.

हे आपल्याला कोणीतरी केलंय.

घरी भांडून, दार आपटून तो निघाला होता. भर पावसात चालत मठाच्या पायरीपर्यंत कसाबसा आला आणि तापानं कोसळला. जाग आली तेव्हा तो कोरडा होता. केस कोरडे. कान कोरडे. पायाच्या बोटांमधली जागासुद्धा कोरडी होती.

पायाच्या बोटांमधलं पाणी कोण पुसतं? अंग पुसणारे पुष्कळ भेटतात. तिथवर पोचते ती फक्त आई.

कोणी पुसलं होतं? मठात कामाला कोणी असेल, असं त्यानं तेव्हा धरून चाललं होतं. नंतर समया आल्या, पोथी आली, अनुग्रहाचा ध्यास आला. पुसायचं राहूनच गेलं.

अच्युतच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुःखाचं नव्हतं ते. आपल्यावर इतकी माया कोणीतरी केली आणि आपण ती अंगावर घेऊन इतकी वर्षं जगलो, या जाणिवेनं त्याचं मन काठोकाठ भरून आलं. त्या कुत्र्याचे पाय धरावेत, असं त्याला वाटलं. पाय हातात होतेच. त्यानं ते कपाळाला लावले.

खंड्यानं एक डोळा उघडून पाहिलं आणि मिटला.

त्यानंतर अच्युतनं रोजची अंघोळ बंद केली. चांगली उघडीप पडली, उन्हाचा कवडसा अंगणात आला, तेवढीच अंघोळ. एरवी खंड्या भिजून आला की आधी विचारपूस, मग पंचा, मग चूल. चट्ट्यांना करंजाचं तेल. नवरात्र आलं तोवर पाठीवर नवे केस फुटले होते. वास गेला होता. कुत्र्याला कुत्र्याचा येतो, तेवढाच राहिला होता.

अच्युत बाबांकडे गेला. खंड्या आपणहून मागोमाग आला.

बाबा ओसरीवर वाती वळत बसले होते.

"स्वच्छ झाला की," ते म्हणाले. "अनुग्रहाचं विचारायला आलास?"

ते मागायचं अच्युतच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

"नाही बाबा. एक पुसायचं होतं."

"पूस."

"मी आलो त्या संध्याकाळी... मला कोणी पुसलं होतं?"

...

बाबांची बोटं वात वळत राहिली. म्हातारी, सुरकुतलेली, सावकाश चालणारी बोटं. अच्युत त्या बोटांकडे बघत राहिला आणि मग त्याला उत्तराची गरज उरली नाही.

त्यानं बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"इतकी वर्षं झाली," त्याचा आवाज फुटला, "आणि मी तुम्हाला साधं..."

बाबांनी त्याच्या केसांतून हात फिरवला, ओले आहेत की कोरडे ते बघावं तसा.

"अनुग्रह तेव्हाच दिला होता रे," ते म्हणाले. "तू वाळायला वेळ लावलास... त्यात तुझा दोष नाही. हवाच दमट आपल्याकडची."