काट्यांचा डाग

दादासाहेब टिपणीस जुन्या घड्याळांच्या शौकिनांच्या ग्रुपवर, ऑनलाइन लिलावात आजोबांचं घड्याळ विकत होते. "आजोबा गेल्यापासून तिजोरीत बंद, काट्यांसकट अस्सल!"

लिलाव बघणाऱ्या रेवतीने चॅटमध्ये 'काटे बदललेत' असं लिहिताच ते कॅमेऱ्यासमोरच खवळले. "माझ्या पांढऱ्या केसांची तरी लाज बाळग! माफी माग, नाहीतर ग्रुपमधून चालती हो."

केस पिकले की खोटं बोलायची सूट मिळते, हे रेवतीला कधीच पटलं नव्हतं. तिने माइक सुरू करून विचारलं, "तबकडीवर तो करपट डाग कसला?"

"रेडियमचे काटे वर्षानुवर्षं एकाच जागी थांबले, की त्यांच्या आकाराचा डाग पडतो. तोच तर अस्सलपणाचा पुरावा!"

"मग काटे त्या डागावर आणा."

दादासाहेबांनी तोऱ्यात किल्ली फिरवून काटे डागावर आणले. बारीक काट्यांच्या दोन्ही बाजूंनी रुंद डाग बाहेर डोकावत राहिला.

रेवती शांतपणे म्हणाली, "दादासाहेब, काटे बदललेत. जुन्यांची सावली तेवढी बदलायची राहिली."