कालवाचा खडक

समुद्राचं पाणी तळापर्यंत निवळशंख होतं, त्या काळची ही गोष्ट. शिंपल्याच्या जातीचं एक इवलंसं कालव तरंगत तरंगत घर शोधत होतं. कालवाला पाय नसतात. एकदा खडकाला चिकटलं की जन्मभर तिथंच राहायचं. त्यामुळे ते पार गोंधळून गेलं होतं.

"इथं लाट केवढी येते?" एका खडकापाशी दिसलेल्या खेकड्याला त्यानं विचारलं.

"आली की बघावं. पळायचं की थांबायचं, मी तेव्हाच ठरवतो," खेकडा म्हणाला.

कालवाला ते पटलं, पण पळायला पाय कुठून आणायचे? मग ते खडकावरच्या म्हाताऱ्या कालवाकडे गेलं.

"आजी, लाट केवढी येणार ते तुम्हाला आधी कळतं का?"

"नाही रे बाळा. इतकी वर्षं झाली, अजून कळत नाही."

"मग तुम्ही ठरवलंत तरी काय?"

"सुटायचं नाही, एवढंच. आणि चिकटायला शांत पाणी लागतं. उधाणात ते जमत नाही."

पिल्लाला सगळं काही समजलं नाही. तरी ते आजीच्या शेजारी चिकटलं.

आठवड्याभरानं उधाण आलं. खेकडा बिळात पळाला. पिल्लाला वर कुठलं आणि खाली कुठलं, तेही कळेना. पाणी ओसरलं तेव्हा ते जागच्या जागी होतं.

"आजी," ते चाचरत म्हणालं, "मी खडकाला धरलं होतं, की खडकानं मला?"

म्हातारीनं आपला शिंपला जरासा उघडला.

"तेवढं मात्र," ती म्हणाली, "मलाही अजून कळलेलं नाही."